टिपलेला पडदा जातो कुठे?

बँक असो, सरकारी कचेरी असो की हाउसिंग सोसायटीचे ऑफिस, संगणकावर काही अडले की पहिली हालचाल ठरलेली असते. खिशातून मोबाइल काढायचा, मॉनिटरचा फोटो मारायचा आणि 'हे बघा काय येतंय' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलायचा. त्या फोटोत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब असते, कोपऱ्यात कुणाचा तरी अर्धा अंगठा असतो आणि सगळ्या पडद्यावर नागमोडी रंगीत पट्टे उमटलेले असतात. पट्ट्यांचा दोष मॉनिटरकडेही नाही आणि मोबाइलकडेही नाही. मॉनिटरवरचे ठिपके ओळीने मांडलेले, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचेही ओळीने मांडलेले. या दोन जाळ्या एकमेकींवर येतात, नेमक्या जुळत नाहीत, आणि तिसरीच नक्षी दिसू लागते. तंत्रज्ञ तिला मुआरे म्हणतात. त्यातच व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते, मग एररच्या आकड्यात शेवटी ६ आहे की ८, हे पलीकडच्याला फोन करून विचारावे लागते.

हा सगळा खटाटोप चालू असताना कीबोर्डच्या वरच्या बाजूला, उजवीकडे, प्रिंट स्क्रीनचे बटण आपले बसून असते. वय म्हणाल तर चाळिशी ओलांडलेले. १९८१ च्या आयबीएम पीसीवर शिफ्टबरोबर ते दाबले की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरवर छापून बाहेर येई. १९८४ च्या मॅकिंटॉशवर कमांड, शिफ्ट आणि ३ एकदम दाबले की पडद्याचे चित्र फाइल म्हणून साठत असे, आणि मॅकवर तीच कळ आजही चालते. विंडोजमध्ये मात्र बटणाचा कागदाशी संबंध सुटला. ते दाबले की चित्र क्लिपबोर्डवर जाऊन बसायचे, पडद्यावर काही हालायचे नाही, आवाज यायचा नाही. 'बटण चालत नाही' असा समज घरोघरी पसरायला एवढे पुरे झाले. चित्र आलेले असते, फक्त वर्डमध्ये, पेंटमध्ये किंवा ईमेलमध्ये कंट्रोल आणि व्ही दाबून ते उतरवून घ्यायचे असते.

स्क्रीनशॉटसाठी किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी 'चांगले सॉफ्टवेअर कोणते?' असे कुणी विचारले, तर त्याला आधी हे बटण दाखवावे. कारण बहुतेकांना नवे काही इन्स्टॉल करायची गरजच नसते. चित्र टिपण्याचे काम सगळीच साधने सारख्याच नेटकेपणाने करतात, त्यात उजवे-डावे करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. फरक पडतो तो पुढे: टिपलेल्या चित्रातले काय झाकले जाते, ते कुठे साठते, कुणाच्या सर्व्हरवर जाते आणि ऐन वेळी वीज गेली तर काय उरते. साधन निवडायचे ते हे बघून.

आधी घरात काय आहे ते पाहू. विंडोजमध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणे एकत्र दाबली की पडदा किंचित काळवंडतो आणि हवा तेवढाच भाग माउसने ओढून घेता येतो. अख्खा पडदा लगेच फाइल म्हणून हवा असेल तर विंडोज आणि प्रिंट स्क्रीन. चित्र पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जाऊन पडते. फक्त समोरची एक विंडो हवी असेल तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन. यामागचे स्निपिंग टूल विंडोज व्हिस्टाच्या काळापासून, म्हणजे २००७ पासून संगणकात आहे. विंडोज ११ मध्ये २०२३ च्या सुमारास त्यात स्क्रीन रेकॉर्डिंगही आले, चित्रातला मजकूर उचलण्याची सोयही आली. विंडोज १० च्या स्निपिंग टूलला रेकॉर्डिंग येत नाही. तिथे विंडोज आणि जी दाबून उघडणारा गेम बार वापरता येतो, पण तो एका वेळी एकाच प्रोग्रामची विंडो नोंदवतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर त्याला नोंदवता येत नाही. 'फोल्डर कसा बनवायचा' हे सासऱ्यांना दाखवायला बसलेला जावई इथेच अडकतो आणि रेकॉर्डर बिघडला म्हणून दुसरा शोधू लागतो.

मॅकवाल्यांना २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून कमांड, शिफ्ट आणि ५ दाबले की एकच पट्टी मिळते. चित्र, रेकॉर्डिंग, अख्खा पडदा, निवडलेला भाग, सगळे तिच्यात. माइकचा आवाज तिच्यातून घेता येतो. संगणकातूनच वाजणारा आवाज, म्हणजे व्हिडिओतले संगीत किंवा मीटिंगमधल्या समोरच्या माणसाचे बोलणे, नोंदवण्याची सोय मात्र या पट्टीत अनेक वर्षे दिलेली नव्हती, आणि तासाभराची मुकी मीटिंग हाती आल्यावर पुष्कळांना हे कळले. लिनक्सवर उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढचे असेल तर प्रिंट स्क्रीन दाबल्यावर चित्र आणि व्हिडिओ दोन्हींची निवड समोर येते. त्या व्हिडिओतही आवाज नसतो.

दुसरे साधन केव्हा शोधायचे? काही ठरावीक कामे अशी आहेत, की तिथे घरचे साधन अपुरे पडते.

पहिले लांब पानाचे. ऑनलाइन अर्ज, परीक्षेचा निकाल, भल्यामोठ्या तक्रारीची पोच ही पडद्यापेक्षा लांब असतात, आणि लोक त्यांचे पाच-सहा तुकडे करून पाठवतात. यासाठी खरे तर काहीच बसवायला नको. फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक केले की स्क्रीनशॉटचा पर्याय येतो आणि त्यात संपूर्ण पान एका चित्रात साठवता येते. एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबून तेच होते. क्रोममध्येही सोय आहे, पण ती डेव्हलपर टूल्सच्या आत दडवून ठेवली आहे. ब्राउझरच्या बाहेरचे, म्हणजे एखाद्या प्रोग्राममधले लांब पान स्क्रोल होता होता टिपायचे असेल तरच विंडोजवरच्या शेअरएक्ससारख्या साधनाची वेळ येते.

जाता जाता एक: काही कागदांचा स्क्रीनशॉट काढूच नये. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून मिळणारा सातबारा पीडीएफ असतो आणि त्यात डिजिटल स्वाक्षरी असते. त्याचे चित्र काढले की दिसायला सातबारा तसाच राहतो, पण स्वाक्षरी त्या चित्रात येत नाही, तेव्हा सांभाळायची ती पीडीएफ फाइलच.

दुसरे काम समजावून सांगण्याचे. सोसायटीच्या नव्या अकाउंट सॉफ्टवेअरमध्ये पावती कशी फाडायची, पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा, हे दहा जणांना सांगायचे असेल तर चित्रावर बाण, चौकट आणि १, २, ३ असे क्रमांक लागतात. स्निपिंग टूलमध्ये पेन आहे, पण माउसने काढलेला बाण बघून समोरच्याला आधी तो बाण आहे हे ओळखावे लागते. ग्रीनशॉट आणि शेअरएक्स ही दोन्ही साधने मोफत आहेत आणि त्यांचा कोडही खुला आहे. त्यांत क्लिक कराल तिथे पुढचा आकडा आपोआप पडतो. शेअरएक्सची मुळे २००७ पर्यंत मागे जातात. त्याचा मेनू पाहून मात्र नवखा माणूस दचकतो, इतक्या गोष्टी त्यात कोंबल्या आहेत. बसवल्यावर आधी 'चित्र टिपल्यावर काय करायचे' ही यादी उघडावी, अपलोड करण्याच्या पर्यायावर बरोबरची खूण नाही ना ते पाहावे आणि बाकीच्याकडे दुर्लक्ष करावे. पैसे मोजायची तयारी असेल तर अमेरिकेतल्या मिशिगनच्या टेकस्मिथ कंपनीचे स्नॅगिट आहे. १९९० पासून ते याच एका कामात मुरलेले आहे. रोज मॅन्युअल लिहिणाऱ्याला त्याचे पैसे वसूल होतात. महिन्याला दोन चित्रे काढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

चित्र साठवताना पीएनजी की जेपीजी, असे विचारले जाते. जेपीजी फोटोंसाठी बनले आहे. ते रंगांतले बारकावे गाळून फाइल लहान करते, आणि अक्षरांच्या कडांभोवती त्याची धूळ दिसू लागते. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार आधी चिकटतात. पडद्यावरच्या मजकुरासाठी पीएनजी बरे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न जोडता डॉक्युमेंट म्हणून जोडले की फाइल जशीच्या तशी पोचते. यापलीकडे या विषयात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

वेळ घालवायचा तो झाकण्यावर. मार्च २०२३ मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड बुकॅनन या दोन संशोधकांनी एक दोष उघड केला आणि त्याला 'एक्रोपलिप्स' असे नाव पडले. गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या साधनाने स्क्रीनशॉट कापला, की कापलेले लहान चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिले जाई. नवे चित्र लहान, त्यामुळे ते फाइलच्या सुरुवातीची जागा व्यापायचे आणि शेवटाकडची जुनी माहिती तशीच पडून राहायची. चित्र उघडणाऱ्या प्रोग्रामला नवे चित्र संपले की थांबायचे माहीत, म्हणून डोळ्यांना काही दिसत नसे. पण त्या शेपटातून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत जुळवता येत होता. बुकॅनन यांनी डिस्कॉर्ड या चॅट सेवेवर स्वतःच पूर्वी टाकलेली चित्रे तपासली. त्यांत ईबेवरच्या एका खरेदीच्या ईमेलचा कापलेला स्क्रीनशॉट निघाला, वस्तू कोणती घेतली ते दाखवण्यापुरता. कापलेला भाग परत आणला तेव्हा त्यांचा घरचा पूर्ण पत्ता समोर आला.

हा दोष २०१८ पासूनच्या फोनमध्ये होता. काही दिवसांतच लक्षात आले की विंडोज ११ चे स्निपिंग टूल आणि विंडोज १० चे स्निप अँड स्केच यांनाही हीच खोड आहे: साठवलेले चित्र परत उघडून कापायचे आणि त्याच नावाने सेव्ह करायचे, की शेपूट मागे राहते. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली, गूगलनेही दिली. पण अपडेटमुळे दुरुस्त झाले ते साधन. त्याआधी कापून पाठवलेली चित्रे जिथे गेली तिथे तशीच आहेत. काही संकेतस्थळे वर टाकलेले चित्र नव्याने बांधतात आणि त्यात शेपूट गळून पडते. डिस्कॉर्ड जानेवारी २०२३ पर्यंत तसे करत नव्हते.

यातून निघणारी सवय सोपी आहे. आधी सगळा पडदा टिपून मग कापत बसण्यापेक्षा, टिपतानाच हवा तेवढा भाग निवडावा. जे चित्रात आलेच नाही ते परत आणता येत नाही.

खाते क्रमांक धूसर करून पाठवणे ही दुसरी फसवी गोष्ट. चौकोनी ठोकळ्यांनी धूसर केलेला मजकूर वाचता येत नाही असे वाटते, कारण माणसाला तो वाचता येत नाही. संगणक उलट्या बाजूने जातो. एकेक अक्षर घेतो, त्याच पद्धतीने धूसर करतो आणि कोणते जुळते ते पाहतो. २०२२ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीच्या डॅन पेट्रो यांनी असा मजकूर परत वाचून दाखवणारे 'अनरिडॅक्टर' हे साधन सगळ्यांसाठी खुले केले. आकड्यांच्या बाबतीत हा खेळ आणखी सोपा, कारण पर्याय दहाच. मोबाइलवर काळ्या हायलायटरने चार फराटे मारणारे तर त्याहून भाबडे: हायलायटरची शाई अर्धपारदर्शक असते, चित्राची चमक वाढवली की खालचे आकडे डोकावू लागतात. झाकायचे तर पूर्ण काळा, भरीव चौकोन टाकावा. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये ईमेल आणि फोन नंबर आपोआप झाकणारे बटण आहे. आधार क्रमांक, नाव आणि पत्ता मात्र आपल्याच डोळ्यांनी शोधावे लागतात. ब्राउझरच्या उघड्या टॅबवरची शीर्षके आणि कोपऱ्यात नेमकी त्याच क्षणी उगवलेली व्हॉट्सअ‍ॅपची सूचना, या दोन जागा सर्वांत जास्त विसरल्या जातात.

मग पाठवणे. चित्र टिपले की लगेच लिंक हातात देणारी साधने सोयीची असतात, फाइल जोडायची कटकट वाचते. पण लिंक म्हणजे चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेले. लाइटशॉट हे साधन जगभर लोकप्रिय आहे, आणि त्यावर अपलोड केलेल्या चित्रांच्या लिंकची गंमत सुरक्षेच्या क्षेत्रातले लोक फार वर्षे सांगत आले आहेत. लिंकच्या शेवटी अनेक वर्षे सहाच अक्षरे-आकडे असायचे. त्यांतले एखादे बदलले की कुणा तिसऱ्याचेच चित्र उघडायचे. पासवर्ड नाही, परवानगी नाही. अशी चाळणी लावून इतरांची चित्रे गोळा करणारे प्रोग्रामही लोकांनी लिहून ठेवले आहेत. लाइटशॉटने चित्र आपल्याच संगणकावरही साठवता येते, धोका अपलोडच्या बटणात आहे. तेव्हा कोणतेही साधन पारखताना पहिला प्रश्न हा विचारावा: इंटरनेट बंद केले तर हे चालते का? जे चालते, त्याला चित्र बाहेर पाठवल्याशिवाय काम करता येते.

रेकॉर्डिंगचा मामला वेगळा आहे. तिथे संगणकाच्या अंगात किती बळ आहे हे आधी बघावे लागते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा साधा पडदा घेतला, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एक चित्र सुमारे ६.२ एमबीचे होते. सेकंदाला ३० चित्रे म्हणजे १८६ एमबी. एका मिनिटाचे ११ जीबी! एवढे साठवणे शक्य नाही, म्हणून रेकॉर्डर येणारे प्रत्येक चित्र तिथल्या तिथे आवळतो: आधीच्या चित्रापेक्षा बदलले तेवढेच नोंदवायचे, बाकीचे 'मागचेच पुढे चालू' म्हणून सोडायचे. पडद्यावर बहुतेक वेळ काहीच हलत नसते, त्यामुळे हे छान साधते. पण ही आवळाआवळ प्रोसेसरने करायची ठरली तर जुन्या लॅपटॉपचा पंखा भणाणू लागतो, माउस अडखळतो आणि पंख्याचा आवाज माइकमधून रेकॉर्डिंगमध्येही उतरतो.

यावर उपाय बहुतेक संगणकांत आधीच बसवलेला आहे. इंटेलने २०११ च्या आणि एनव्हिडियाने २०१२ च्या सुमारास व्हिडिओ आवळण्यासाठी चिपमध्येच वेगळा भाग द्यायला सुरुवात केली. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर एन्कोडर', 'क्विक सिंक' किंवा 'एनव्हेंक' असे काही दिसले तर ते निवडावे. ओझे प्रोसेसरवरून उतरते. ज्या साधनात ही निवडच नाही ते जुन्या संगणकावर टिकणार नाही, मग त्याचा मेनू कितीही देखणा असो.

चित्रांचा वेग शिकवणीसाठी सेकंदाला ३० पुरे. ६० लागतात ते गेम खेळून दाखवणाऱ्यांना. तासाभराचे रेकॉर्डिंग सेकंदाला अडीच हजार किलोबिट या हिशोबाने सुमारे १.१ जीबी होते, आणि मजकूर, स्लाइड असे हळू बदलणारे काही दाखवायचे असेल तर तेवढ्यात चालून जाते. यूट्यूब याच आकाराच्या व्हिडिओसाठी ८ हजार किलोबिट सुचवते. तो हिशोब धरला तर तासाला ३.६ जीबी मोकळी जागा हवी.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि राज्यभरातले शिक्षक एका रात्रीत निर्माते झाले, तेव्हा अनेकांच्या हाताशी असलेले एक साधन त्यांनी पाहिलेच नाही. पॉवरपॉइंटच्या २०१३ पासूनच्या विंडोज आवृत्त्यांमध्ये इन्सर्टच्या मेनूत स्क्रीन रेकॉर्डिंग आहे, आणि स्लाइड शोसोबत स्वतःचा आवाज नोंदवून थेट व्हिडिओ बनवता येतो. स्लाइड दाखवत शिकवायचे असेल तर यापेक्षा सोपे काही नाही. कोपऱ्यात स्वतःचा चेहरा, मध्ये पडदा, अधूनमधून फळ्याचा कॅमेरा असे काही हवे असेल तर ओबीएस स्टुडिओ घ्यावा. २०१२ मध्ये ह्यू बेली यांनी तो सुरू केला. मोफत, खुला, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा. पहिल्यांदा उघडल्यावर काळाकुट्ट पडदा दिसतो, कारण काय नोंदवायचे ते 'सोर्स' म्हणून आधी आपण सांगायचे असते. इतकी एक गोष्ट कळली की अर्धा ओबीएस कळला. मॅकवर संगणकाचा आतला आवाजही व्हेंच्युरा आवृत्तीपासून पुढे त्यात घेता येतो, आणि माइकचा आवाज व संगणकाचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवता येतात. मागाहून संगीत कमी करायचे पण बोलणे तसेच ठेवायचे, तर हे वेगळे ट्रॅक हवेतच.

ओबीएसच्या सेटिंगमधली एक ओळ आपल्याकडे खास महत्त्वाची आहे: रेकॉर्डिंगचा फॉरमॅट. साध्या एमपी४ फाइलमध्ये कोणते चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहिली जाते. पन्नास मिनिटे शिकवून झाले, एकावन्नाव्या मिनिटाला वीज गेली, डेस्कटॉप बंद पडला, की अनुक्रमणिका लिहायची राहते. फाइल डिस्कवर दिसते, आकारही भरपूर दाखवते, पण उघडत नाही. एमकेव्ही या फॉरमॅटला शेवटच्या अनुक्रमणिकेवाचून चालते, त्यामुळे वीज गेली तेथपर्यंतचे सगळे शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच 'रिमक्स' या सोयीने त्याचे काही क्षणांत एमपी४ करता येते, चित्राचा दर्जा जराही न घटता. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीपासून हायब्रिड एमपी४ हा पर्यायही आला आहे, जो वीज गेली तरी वाचतो. जिथे उन्हाळ्यात दुपारची वीज बेभरवशाची असते तिथे रेकॉर्डर निवडताना हा एक मुद्दा बाकीच्या दहांवर भारी पडावा.

'मोफत' या शब्दाखाली काय दडले आहे तेही पाहावे. बँडिकॅमची मोफत आवृत्ती दहा मिनिटांवर रेकॉर्डिंग थांबवते आणि व्हिडिओवर स्वतःचे नाव उमटवते. ब्राउझरमधून चालणाऱ्या लूमच्या मोफत खात्यात पाच मिनिटांची मर्यादा ठेवली गेली आहे, आणि व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर राहतो. या अटी लपवलेल्या नसतात, वाचायच्या राहून जातात. त्याहून वाईट म्हणजे बनावट साधन. २०२३ च्या सुरुवातीला ओबीएसच्या नावाने गूगलच्या शोधनिकालांत जाहिराती दिसत होत्या. त्यांवर क्लिक करून डाउनलोड करणाऱ्यांच्या संगणकात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम शिरत होता. शोधात सर्वांत वर दिसते ती अनेकदा जाहिरात असते. तिला वळसा घालून मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे.

काही गोष्टी कोणत्याही साधनाने टिपता येत नाहीत आणि त्यात साधनाची चूक नसते. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचा व्हिडिओ रेकॉर्ड करायला गेले की बहुधा काळा चौकोन मिळतो, कारण ते दृश्य जाणूनबुजून संरक्षित केलेले असते. हीच युक्ती उलट कारणासाठीही वापरली गेली. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल ही सोय जाहीर केली: संगणक स्वतःच थोड्या थोड्या सेकंदांनी पडद्याची चित्रे काढून ठेवणार, म्हणजे मागे काय पाहिले ते शोधता येईल. त्यावर इतकी ओरड झाली की ती मागे घेऊन, डागडुजी करून, एप्रिल २०२५ मध्ये कोपायलट प्लस जातीच्या संगणकांवर आणावी लागली. ती सुरू करायची की नाही हे आता वापरणाऱ्याने ठरवायचे. पुढच्याच महिन्यात सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपने विंडोजवर आपली विंडो संरक्षित करून टाकली. तेव्हापासून सिग्नलचा स्क्रीनशॉट काढायला गेले की, ती सेटिंग बंद केली नसेल तर, पडदा कोरा येतो.

स्क्रीनशॉट सर्वांत जास्त काढले जातात ते 'पुरावा राहू दे' म्हणून, आणि तिथेच ते सर्वांत लंगडे पडतात. यूपीआयने पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे भेटल्यामुळे दुकानदार आता चित्रावर विसंबत नाहीत, स्पीकरने रक्कम पुकारेपर्यंत थांबतात. न्यायालयाचेही तसेच आहे, आणि त्यातला गाजलेला खटला जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा गोरंट्याल यांचा दावा होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. उच्च न्यायालयाने निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० च्या निकालाने नियम पक्का झाला: मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. ज्याने ते मिळवण्यासाठी सगळे प्रयत्न केले आणि अधिकाऱ्यांनी दिलेच नाही, त्याला सूट मिळू शकते. या खटल्यात तसेच घडले होते, आणि खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि हा विषय त्याच्या कलम ६३ मध्ये येतो. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते, म्हणजे त्या फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारा एक लांबलचक आकडा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा आणि फाइलचे नाव दिले की तो मिळतो. फाइलचे नाव बदलले तरी आकडा तोच राहतो. पण चित्र उघडून कडेची एक रेघ जरी कापून सेव्ह केले, तर तो पूर्ण बदलतो. म्हणून धमकीचा मेसेज, फसवणुकीचे पान किंवा वादग्रस्त मीटिंगचे रेकॉर्डिंग असे काही हाती असेल, तर साधनाने दिलेली मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवावी. बाण, चौकटी, काळे चौकोन जे काय करायचे ते तिच्या प्रतीवर करावे.